शर्यत सुटली, घूस धरली

मी रफू बोलतेय. जातीने ग्रेहाउंड कुत्री, वय नऊ, उंची जेवणाच्या टेबलाएवढी. मला पाहिल्यावर पुण्यातले लोक माझ्या माणसाला एकच प्रश्न विचारतात, "हिला खायला घालत नाही का हो?" मी दोन वेळा पोटभर जेवते. आमची जातच अशी दिसते. उन्हात उभी राहिले तर माझ्या बरगड्या मोजता येतात. ज्यांना वेळ असतो ते मोजतात.

माझं मूळ नाव राफेल. जन्म सांगलीकडचा, माळावरच्या एका पत्र्याच्या शेडमधला. आमचे मालक हिंमतराव. त्यांची द्राक्षबाग होती आणि त्यांना शर्यतीच्या कुत्र्यांचा नाद होता. बागेकडे त्यांची बायको बघायची.

आमच्या भागात जत्रेच्या वेळी कुत्र्यांच्या शर्यती होतात. नांगरून सपाट केलेला लांब पट्टा, दोन्ही बाजूंना माणसं, आणि समोर दोरीला बांधलेलं चिंध्यांचं बोचकं. दोरीचं दुसरं टोक एका मोटरसायकलच्या मागच्या चाकाला. मोटरसायकल स्टँडवर उभी करून गिअर टाकला की चाकावर दोरी गुंडाळली जाई आणि बोचकं पळत सुटे. त्यामागे आम्ही. मला वाटायचं, एक दिवस मी हे पकडणार. बाकीच्या पाच जणांनाही तसंच वाटायचं.

एकदा दोरी मध्येच तुटली आणि बोचकं खरंच माझ्या तोंडात आलं. मी ते फाडून बघितलं. आत आणखी चिंध्या होत्या. पुढच्या शर्यतीत मी पुन्हा तितक्याच जोरात धावले. यावरून लोक आमच्या जातीच्या बुद्धीबद्दल बोलतात. मला त्यावर काही म्हणायचं नाही.

तीन वर्षांत मी हिंमतरावांना चार ढाली आणि भिंतीवरचं एक घड्याळ मिळवून दिलं. मग एका शर्यतीत दुसऱ्या कुत्र्याशी टक्कर झाली आणि मी कुंपणाच्या काटेरी तारेत गेले. उजव्या मांडीला अकरा टाके पडले. जखम भरली, पण त्यानंतर मी चौथी यायला लागले, मग सहावी. धावायला सहाच कुत्रे असत.

एका सकाळी हिंमतरावांनी मला द्राक्षांच्या क्रेटसोबत टेम्पोत घेतलं. कात्रजचा बोगदा ओलांडल्यावर एका चहाच्या टपरीवर टेम्पो थांबला. त्यांनी दोन उकडलेली अंडी सोलली आणि दोन्ही मलाच दिली. मग माझ्या गळ्यातला पट्टा काढून खिशात घातला आणि म्हणाले, "जा."

कुठे जायचं ते सांगतील म्हणून मी थांबले. ते टेम्पोत बसले. मग मी टेम्पोमागे धावले. टाके पडल्यापासून इतकी चांगली धावले नव्हते, पण तिथे बघायला कुणी नव्हतं. हिंमतरावांबद्दल मी वाईट बोलणार नाही. एरवी ते एकच अंडं द्यायचे.

त्या टपरीपाशी मी दोन दिवस उभी होते. तिसऱ्या दिवशी अवनी आली. अवनी कंपनीत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात टाकून दिलेले प्राणी गोळा करून त्यांना घर शोधून देते. तिने माझे फोटो काढले, त्याखाली काहीतरी मजकूर लिहिला आणि आठवड्याभरात मला केयूर मिळाला.

केयूर नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर एकटा राहायचा. त्याने मला सोफा दिला. ग्रेहाउंड दिवसाचे अठरा तास झोपतात असं त्याने कुठेतरी वाचलं होतं, आणि ते खरं आहे. प्रश्न उरलेल्या सहा तासांचा होता. त्यातला एक तास फिरण्यात जायचा. उरलेल्या पाच तासांत मी सोफा खाल्ला. आधी उशा, मग हात, मग आतला फोम. केयूर रागावला नाही. तो म्हणायचा, "तिला ट्रॉमा आहे." मला ट्रॉमा नव्हता. मला काम नव्हतं.

एका रविवारी गल्लीत समोरून एक मांजर गेलं. माझी दोरी केयूरने मनगटाला गुंडाळली होती. मी निघाले तसा तोही माझ्याबरोबर आला, वीसेक फूट, त्यातला बराचसा प्रवास जमिनीवरून. त्याचं मनगट मोडलं. मांजर जिन्याच्या जाळीतून निघून गेलं.

मला परत करताना केयूर रडला. एक हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे त्याला दोन्ही डोळे एकाच हाताने पुसावे लागले. तो चांगला मुलगा होता. त्याला कासव चाललं असतं.

अवनीच्या शेडवर मी महिनाभर पडून होते. खाणं कमी झालं होतं. तेव्हा नियाज आला.

नियाज पंचेचाळिशीचा, बुटका, सावकाश बोलणारा माणूस. गोदामं, रोपवाटिका, सोसायट्या यांतल्या घुशी मारणं हा त्याचा धंदा. घूस म्हणजे मांजराएवढा उंदीर. ती जमिनीखाली बिळं करते, भिंती पोकळ करते आणि दिसली की माणसं खुर्चीवर चढतात. नियाजला घुशी धरायला एक वेगवान कुत्रा हवा होता.

अवनी एकदम उसळली. "नियाजकाका, शी इज रिटायर्ड! तिला आता आराम हवाय. तुम्ही तिला शिकारीला लावणार?"

"माझे अब्बा रिटायर झाले," नियाज म्हणाला, "आणि आठ महिन्यांत गेले. खुर्चीत बसून."

"ते वेगळं."

"असेल. पण ही आत्ता कशी पडलीये ते बघा. अब्बा असेच पडायचे."

अवनीने माझ्याकडे पाहिलं. मी पडले होते.

"विष का नाही वापरत? सगळे वापरतात," तिने विचारलं.

नियाज माझ्याशेजारी खाली बसला. मग त्याने सांगितलं. आधी तोही विषच वापरायचा. घरी एक कुत्री होती, जिलेबी नावाची. त्याने एका गोदामात टाकलेलं विष एका घुशीने खाल्लं, ती घूस जिलेबीने खाल्ली आणि पाचव्या दिवशी जिलेबी त्याच्याच मांडीवर गेली. "माझ्याच हातचं होतं," तो म्हणाला. "तेव्हापासून डबा उघडला नाही."

अवनीने मला दिलं, पण अटी घातल्या. दर महिन्याला डॉक्टरकडे तपासणी. ससा, मोर, डुक्कर यांच्या मागे सोडायचं नाही. पैजा नाहीत, झुंजी नाहीत. नियाजने सगळ्या अटी कागदावर लिहून सही केली आणि वर स्वतःची एक घातली, की सोफा देणार नाही.

नियाजचं घर कात्रजला, डोंगराच्या चढावर. दोन खोल्या, पुढे अंगण. घरात त्याची आई मदिनाबी. त्यांची हयात शनिवार पेठेतल्या दुकानांसाठी साड्या आणि शेरवान्या रफू करण्यात गेली. फाटलेल्या कापडात धागा असा भरायच्या की फाटलं कुठे होतं ते दुकानदारालाही सापडायचं नाही. त्यांनी मला उजेडात उभं केलं, चष्मा लावला आणि माझ्या मांडीवरचे टाके बोटाने चाचपले.

"कुणी घातले हे?" त्या म्हणाल्या. "गोणी शिवल्यासारखे."

तेव्हापासून मी रफू. मदिनाबी नियाजशी दखनीत बोलायच्या आणि माझ्याशी मराठीत, कारण मी परगावची. त्यांचा नियम स्पष्ट होता. कामाचं जनावर अंगणात राहील, उंबऱ्याच्या आत येणार नाही. अंगणात माझ्यासाठी त्यांनी जुन्या गोधड्यांचा चार थरांचा बिछाना करून ठेवला होता. थंडीत त्या मला एका ग्राहकाने न नेलेली शाल बांधायच्या. तिच्यावर जरीची कोयरी होती.

अंगणात आधीपासून एक कुत्रा होता. गावठी, आखूड पायांचा, एक कान कायमचा वाकडा. जमिनीचं त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही म्हणून त्याचं नाव तलाठी. नाक जमिनीला लावून तो सांगू शकायचा की कोणतं बीळ रिकामं आहे आणि कोणत्यात बिऱ्हाड आहे. पण तो पळण्यात कच्चा. बिळातून घूस बाहेर पडली की तिच्यामागे दहा पावलं धावून तो थांबायचा आणि नियाजकडे बघायचा.

मला वास कळत नव्हता. मला फक्त पळणारं दिसायचं. नियाजचा हिशेब सरळ होता, तलाठीने उकरायचं, मी धरायचं.

पहिला महिना त्याने मला धावूच दिलं नाही. मी नुसती बसायचे. शेजारी तलाठी बीळ उकरत असायचा आणि नियाज म्हणायचा, "बस." मी उठले की पुन्हा, "बस." त्याने आवाज कधी चढवला नाही. मग शेजारच्या कोंबड्यांमधून रोज चालवत नेलं. कोंबडीकडे बघितलं की "नाही". मांजराकडे बघितलं की "नाही". माझ्या लक्षात आलं, जगात जे जे पळतं त्यातलं जवळजवळ सगळं "नाही" आहे.

मग "घे" आणि "सोड". मेलेली घूस दोरीला बांधून ओढायची, मी धरायची आणि "सोड" म्हटल्यावर टाकायची. टाकली की कलेजीचा तुकडा. मी कलेजी खाण्यासाठी टाकायचे असं नियाजला वाटत होतं. खरं तर मला दरवेळी आत चिंध्या आहेत का ते बघायचं असायचं.

डोंगराच्या उतारावर एक दिवस झुडपातून ससा निघाला. मी गेले. तीन वावरं, एक नाला, पुन्हा एक वावर. ससा कुंपणातून निसटला. मी जीभ काढून परत आले तेव्हा नियाज त्याच दगडावर बसला होता. त्याने दोरी बांधली, घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून सुरू केलं. कोंबड्यांपासून.

पहिली खरी घूस एका रोपवाटिकेत सुटली. तलाठीने बिळात तोंड घातलं, पलीकडच्या भोकातून घूस बाहेर पडली आणि नियाज म्हणाला, "घे." मी इतक्या जोरात निघाले की घुशीच्या पुढे निघून गेले. पट्टा संपल्याशिवाय थांबायचं नसतं हे माझ्या पायांना पाठ होतं. मी कुंपणाला पोचले तेव्हा घूस कुंडीमागे बसली होती. दुसरीने माझं नाक चावलं. तिसरी सुटली. चौथीच्या वेळी मी अर्ध्या वाटेतच मान खाली घातली, आणि ती तोंडात होती. जड, गरम, जिवंत. एक झटका दिला आणि संपलं.

मी ती नियाजच्या पायाशी आणून ठेवली. मी ज्याच्यामागे धावले ते मला आयुष्यात पहिल्यांदा जिवंत मिळालं होतं. नियाजने घूस बघितली, मला बघितलं.

"ठीक आहे," तो म्हणाला.

पुण्यात याहून मोठं कौतुक नसतं हे मला नंतर कळलं.

पुढची चार वर्षं आम्ही काम केलं. लोक आधी हसायचे. एका सोसायटीतल्या आजोबांनी फळ्यावर लिहिलं होतं, "आवारात कुत्रे काम करीत आहेत. इतरांनीही करावे." नियाज प्रत्येक ठिकाणी कागदावर सही घ्यायचा की आमचं काम चालू असेपर्यंत आवारात विष टाकणार नाही. त्याशिवाय तो आम्हाला गाडीतून उतरवायचा नाही.

आता मला सांगायचं आहे ते गेल्या वर्षीचं.

कात्रजमधली एक सोसायटी. घुशींनी मागची संरक्षक भिंत पोकळ केली होती. तिथले सेक्रेटरी वैजनाथ. परळीकडचे, कारखान्यात पाळी करणारे, शब्दाला जपणारे म्हणून ओळखले जाणारे गृहस्थ. तळमजल्यावर त्यांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली होती. तिच्या खोलीत दोनदा घूस शिरली होती. वैजनाथांनीच कागदावर सही केली.

पाच दिवस काम चांगलं चाललं. सहाव्या दिवशी सकाळी तलाठी भिंतीखालच्या बिळात कमरेपर्यंत शिरला. आत काहीतरी झटापट झाली. आणि माझ्या बाजूच्या भोकातून एक घूस बाहेर आली. ती पळत नव्हती. चालत होती, भर उन्हात, एका बाजूला कलत.

"घे" कुणी म्हटलं नव्हतं. पण ती हलली आणि मी निघाले. दोन ढांगांत माझ्या तोंडात होती.

"सोड!"

चार वर्षांत नियाज पहिल्यांदा ओरडला. माझे दात अजून मिटले नव्हते. मी तोंड उघडलं. घूस खाली पडली आणि गटाराच्या जाळीतून आत घसरली. नियाज धावत आला, त्याने माझा जबडा धरून नळाखाली धुतला, पुन्हा धुतला. मग तलाठीला शेपटीला धरून बाहेर ओढलं. तलाठी ओठ चाटत होता.

नियाजने सगळ्यांना खाली बोलावलं. "कुणी औषध टाकलंय का? रागावणार नाही. फक्त सांगा."

सगळे नाही म्हणाले. वैजनाथही म्हणाले, "नाही नियाजभाई. मी सही केलीये ना." नियाजने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. त्याने विश्वास ठेवला. घूस आजारी असेल, असंही होतं.

मला काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी तलाठी उठला नाही. त्याच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या आणि नाकातून रक्ताची बारीक धार येत होती. मदिनाबींनी आपल्या पदराने ती पुसली आणि नियाजला म्हणाल्या, "गाडी काढ."

अवनीही दवाखान्यात आली. डॉक्टर म्हणाले, "गोचीड तापातही असंच रक्त येतं, आणि हा गोचिडांत लोळणारा कुत्रा. विषानेही येतं. पण विषाचे प्रकार वेगळे आणि त्यांचे उतारेही वेगळे. विष होतं का?"

"लोक नाही म्हणतात," नियाज म्हणाला.

डॉक्टरांनी गोचीड तापाची औषधं सुरू केली. तलाठी पोत्यासारखा टेबलावर पडला होता. मी टेबलाला हनुवटी लावून उभी राहिले, कारण माझी उंची तेवढी आहे. त्याचा वाकडा कान माझ्या नाकापाशी होता. तो गार लागत होता. नियाज भिंतीला टेकून खाली बसला. मला तो जिलेबी म्हणताना ऐकू आला. तोंड मिटलेलंच होतं.

आज काम का बंद आहे ते नियाजने सकाळीच सोसायटीत कळवलं होतं. दुपारी दार उघडलं आणि वैजनाथ आत आले. कारखान्याच्या कपड्यांतच. त्यांनी खिशातून एक चुरगळलेलं पाकीट काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं.

"मी टाकलं होतं," ते म्हणाले. "घूस आईच्या अंथरुणावर चढली होती. एकच पुडी टाकली. सही आधीच केली होती. सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा... नाही सांगता आलं."

अवनी काहीतरी बोलणार होती. नियाजने हात वर केला. डॉक्टर पाकीट वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी औषधाचं कपाट उघडलं.

"याचा उतारा आहे," ते म्हणाले. "उशीर झालाय. बघू."

वैजनाथ तिथेच उभे राहिले. इंजेक्शन झालं, सलाईन लागलं, संध्याकाळ झाली, तरी उभेच. शेवटी मदिनाबी म्हणाल्या, "बसा हो. उभं राहून औषध लवकर लागत नाही." ते बसले. दुसऱ्या दिवशी पाळी चुकवून पुन्हा आले. चौथ्या दिवशी तलाठीने डोकं उचललं आणि वैजनाथांच्या चपलेचा वास घेतला. बराच वेळ घेतला. त्याच्या मनात काय आलं ते त्याने मला सांगितलं नाही.

गोळ्या महिनाभर चालल्या. तलाठी जगला, पण पूर्वीचा दम राहिला नाही. आता तो बीळ दाखवतो आणि उकरायचं काम एक धाकटा गावठी करतो. नियाजने वैजनाथांच्या सोसायटीचं राहिलेलं काम पुरं केलं. त्यांच्या आईच्या खोलीच्या दाराला खालून पत्रा ठोकून दिला, तो कागदात नव्हता. त्या दिवशी वैजनाथांनी गेटवर नियाजचा हात धरला.

आता माझं तोंड पांढरं झालं आहे. आठवड्यातून दोन दिवस कामाला जाते, सकाळच्या उन्हात. जुन्या मांडीला थंडीत कळ येते. तुमच्या भागात आम्ही आलो तर मला खुशाल बघा, फोटो काढायचा असेल तर काढा.

निरोप घेण्याआधी एकच मागणं. विष टाकू नका असं मी म्हणणार नाही, रात्री अंथरुणावर घूस चढलेली माणसं मी पाहिली आहेत. पण टाकलंच, तर पाकीट फेकू नका. आणि कुणी विचारलं तर त्याच क्षणी हो म्हणा, चारचौघांत, मान खाली घालून का होईना. वैजनाथांना तीन दिवस लागले. तलाठीकडे साडेतीन होते.